मल्लेश्वरमच्या माथ्यावरील वारा

बंगळूरच्या वायव्य अंगास वसलेल्या मल्लेश्वरमशी महाराष्ट्राचा संबंध आजचा नाही. ज्या देवालयावरून या वस्तीस तिचे नाव मिळाले, ते काडु मल्लेश्वराचे देवालय. कन्नडात ‘काडु’ म्हणजे रान. तेव्हा हा रानातला मल्लेश्वर. या देवास एक गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तेथे आहे, आणि तो देणारे होते शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांस इतिहास एकोजी म्हणूनही ओळखतो. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे. पुढे १८९८ साली बंगळुरात प्लेगने थैमान घातले, तेव्हा दाटीच्या पेठांतून माणसे उंच आणि मोकळ्या जागेकडे सरली, आणि त्या रानाच्या आसपास आखीव रस्त्यांची नवी वस्ती वाढली. संपिगे म्हणजे सोनचाफा आणि मार्गोसा म्हणजे कडुनिंब. या दोन झाडांची नावे तिच्या दोन मुख्य रस्त्यांस मिळाली. ही वस्ती ज्या कारणासाठी झाली, त्यांत मोकळी हवा हे प्रमुख होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नोकरीच्या निमित्ताने येथे येऊन राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांस या हवेचे पहिले अप्रूप ज्येष्ठ-आषाढात वाटते. सह्याद्रीच्या पलीकडे जो पाऊस मुसळधार कोसळतो, त्याचे येथे पोहोचते ते मुख्यतः वारे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीच्या या पठारावर पश्चिमेकडून येणारा तो वारा दिवसेंदिवस वाहत राहतो. गच्चीवरील कपडे उडतात, दारे आपटतात, आणि सोनचाफ्याच्या फांद्या रस्त्यावर येतात. अशा दिवसांत कोणाही विचारी गृहस्थाच्या मनात एक प्रश्न येतोच: हा वारा असा फुकट का जावा? प्रत्येक घराच्या गच्चीवर एक लहानशी पवनचक्की का नसावी? हा प्रश्न आता केवळ गप्पांचा राहिलेला नाही. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत तो निघतो, कार्यालयांत प्रस्तावाच्या रूपाने येतो, आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मेजावर त्याची फाईल अभिप्रायासाठी येऊन पडण्याचा संभव आहे. म्हणून शहर आणि पवनचक्की यांच्या संबंधाचा इतिहास एकदा नीट चाळून पाहावा, असे आम्हांस वाटले. त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय खुद्द बंगळुरात, मल्लेश्वरमच्या शेजारीच लिहिला गेला आहे.

पवनचक्कीचे जन्मस्थान म्हणून इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवरील सिस्तानचा प्रदेश सांगितला जातो. दहाव्या शतकातील अरब लेखक अल मसूदी याने तेथील वाऱ्यावर चालणाऱ्या चक्क्यांचा उल्लेख केला आहे. उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या त्या जातीच्या जुन्या चक्क्या खोरासानातील नश्तिफान या गावी आजही उभ्या आहेत. त्या प्रदेशात उन्हाळ्याचे सुमारे चार महिने एकाच दिशेने अखंड वारा वाहतो, आणि त्याच सुमारास पिकाचे धान्य दळावयाचे असते. वाऱ्याचा काळ आणि कामाचा काळ यांचा असा मेळ बसला, म्हणून तेथे पवनचक्की रुजली. आपल्याकडे तो मेळ बसला नाही. दख्खनच्या पठारावर वाऱ्याचा जोर असतो तो पावसाळ्यात, जेव्हा विहिरीचे पाणी उपसण्याची गरज नसते. आणि चैत्र-वैशाखात पिके पाण्यावाचून वाळू लागतात, तेव्हा वारा मंदावलेला असतो. म्हणून आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेत पाणचक्की झाली आणि तिची कीर्तीही झाली, परंतु महाराष्ट्राच्या लोकजीवनात पवनचक्कीने घर केले नाही. आमच्या पूर्वजांस यंत्र सुचले नाही असे समजण्याचे कारण नाही; वाऱ्याचे वेळापत्रक त्यांस ठाऊक होते, इतकेच.

वाऱ्यापासून वीज काढण्याचा एक आरंभीचा यशस्वी प्रयोग १८८७ साली स्कॉटलंडमध्ये झाला. जेम्स ब्लाइथ या प्राध्यापकाने मेरीकर्क या गावी आपल्या बंगलीच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि तिच्यावर घरातील दिवे लावले. उरलेली वीज गावाच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांसाठी देऊ केली, तर हे सैतानाचे काम आहे म्हणून गावकऱ्यांनी ती नाकारली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात चार्ल्स ब्रश या श्रीमंत संशोधकाने आपल्या वाड्याच्या मागे सुमारे १७ मीटर व्यासाचे, १४४ पात्यांचे अजस्र चक्र उभारले. त्यापासून १२ किलोवॉट वीज मिळे. ती तळघरातील विद्युत्-घटांच्या रांगांत साठवली जाई, आणि वाड्यातील दिवे तिच्यावर जळत. नगरातील घराने आपली वीज वाऱ्यापासून काढल्याचे हे पहिले ठळक उदाहरण होय. ते यंत्र सुमारे वीस वर्षे चालले. ते बंद पडले याचे कारण ते निकामी झाले, हे नव्हते. तोवर शहराच्या मध्यवर्ती केंद्रातून येणारी वीज इतकी सोयीची झाली होती की स्वतःची चक्की सांभाळण्यात काही अर्थ उरला नव्हता.

बंगळुरात तर ही स्पर्धा होण्यापूर्वीच निकाली निघाली. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत् केंद्रातून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींस वीज गेली, आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. मल्लेश्वरमची वस्ती अजून अंग धरीत असताना तार शहरात पोहोचली होती. दूरच्या नदीचे बळ तारेवरून दारात येत असता डोक्यावरच्या वाऱ्याकडे कोण पाहणार? शहर आणि पवनचक्की यांच्या गोष्टीत ही तार पुनःपुन्हा भेटते, आणि प्रत्येक वेळी तीच जिंकते.

वाऱ्याच्या शास्त्राचा इतिहास मात्र याच शहरात निराळ्या वाटेने वाढत होता. पवनचक्की वाऱ्यातील शक्तीचा किती अंश हस्तगत करू शकेल, यास निसर्गाने एक मर्यादा घातली आहे. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल या आचार्यांच्या परिवारातील आल्बर्ट बेट्झ यांनी पहिल्या महायुद्धानंतर लगेच ती मर्यादा गणिताने मांडली: कितीही उत्तम यंत्र असो, वाऱ्यातील शक्तीच्या ५९.३ टक्क्यांहून अधिक त्यास काढून घेता येत नाही. सगळी शक्ती काढून घ्यावयाची, तर वारा चक्राच्या मागे थांबलाच पाहिजे. आणि तो थांबला, तर मागून येणाऱ्या वाऱ्यास वाट उरत नाही. याच प्रांटल यांच्या हाताखाली १९३० नंतरच्या काळात एक मराठी विद्यार्थी शिकत होता. कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे हे ते विद्यार्थी. गटिंगेनची पदवी घेऊन परतल्यावर ते बंगळुरास आले. १९४२ च्या अखेरीस भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. आणि पुढे १९५१ साली आकाशात उडालेले एच.टी.-२ हे शिकाऊ विमान त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये सिद्ध झाले. घाटग्यांनी पवनचक्क्या केल्या, असे आमचे म्हणणे नाही. परंतु हवेच्या गतीचे जे शास्त्र गटिंगेनला पिकले, त्याचे बीज बंगळूरच्या मातीत पेरणाऱ्यांत ते अग्रभागी होते, याचा मराठी वाचकांस सार्थ अभिमान वाटावा.

भारतीय विज्ञान संस्था मल्लेश्वरमला अगदी लागून आहे. त्या संस्थेतील कित्येक शास्त्रज्ञांनी या वस्तीत घरे केली. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे ‘पंचवटी’ हे निवासस्थान मल्लेश्वरमच्या पंधराव्या क्रॉसवर आहे. प्रा. सतीश धवन १९५१ साली संस्थेत आल्यावर तेथे वायुबोगदे उभे राहिले. वायुबोगदा म्हणजे हवा ठरावीक वेगाने खेळवून विमानाची किंवा इमारतीची प्रतिकृती तीत तपासण्याची जागा. वारा पंखाला कसा भेटतो आणि भिंतीला कसा भेटतो, हे दोन्ही प्रश्न तेव्हापासून या परिसरात शास्त्रीय झाले.

स्वातंत्र्यानंतर लवकरच सरकारचे लक्ष वाऱ्याकडे गेले. १९५२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने पवनशक्तीचा विचार करण्यासाठी एक उपसमिती नेमली. १९५४ साली दिल्लीत युनेस्कोच्या वतीने पवनशक्ती आणि सूर्यशक्ती यांवर परिसंवाद भरला. १९५९ च्या जून महिन्यात राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा स्थापन झाली आणि थोड्याच अवधीत तिचे ठाणे बंगळुरास आले. तिचे पहिले संचालक पी. नीलकंठन हे रामन यांचे शिष्य. त्यांनी विमानांच्या जोडीने पवनशक्तीचे कामही प्रयोगशाळेच्या पदरी घेतले. पुण्याच्या वेधशाळेत हवामानाच्या उपकरणांवर हयात घालविलेले एस. पी. वेंकटेश्वरन आणि त्यांचे सहकारी के. पी. रामकृष्णन यांनी देशातील वाऱ्याच्या नोंदींचे विश्लेषण केले. १९६१ साली रोम येथे नव्या ऊर्जास्रोतांविषयी संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तीत भारतास कोणत्या जातीच्या पवनचक्क्या मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडतील, याविषयी या तिघांचा निबंध सादर झाला.

त्या चिंतनाचे मूर्त फळ म्हणजे डब्ल्यू.पी.-२ ही पवनचक्की. पत्र्याची बारा पाती, सुमारे पाच मीटर व्यास, आणि मंद वाऱ्यातही पंप हलविण्याची क्षमता, असे तिचे स्वरूप होते. वीज निर्माण करण्याची आकांक्षा तीत नव्हती. विहिरीचे पाणी वर यावे, एवढीच होती. कित्येक चक्क्या देशाच्या निरनिराळ्या भागांत उभारल्या गेल्या. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ही योजना शहरात बसून आखली गेली, परंतु तिची दृष्टी पहिल्यापासून खेड्याकडे होती. वाऱ्याचे जे पंडित बंगळुरात होते, त्यांनी आपले यंत्र बंगळूरच्या घरांवर चढविण्याचा घाट घातला नाही. ज्यांनी नोंदी तपासल्या होत्या, त्यांस मोकळे माळ आणि दाट वस्ती यांतील वाऱ्याचा भेद सांगावा लागत नव्हता.

या चक्क्यांचे पुढे काय झाले, हे मात्र खेदाने सांगावे लागते. १९६० नंतरच्या दशकात ग्रामीण विद्युतीकरणाने वेग घेतला. डिझेल स्वस्त होते. विजेचा पंप बटन दाबताच चालू होई. पवनचक्कीला वंगण घालावे लागे, तिचे खिळे तपासावे लागत, आणि वादळाच्या आधी तिला आवरावे लागे. ज्याच्या शेतात ती उभी, त्याच्या गावात ती दुरुस्त करणारा माणूस नसे. यंत्र देणारे खाते होते, ते सांभाळणारे खाते नव्हते. दशक संपण्यापूर्वीच हा उद्योग थंडावला.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि जगास वाऱ्याची पुन्हा आठवण झाली. त्याच सुमारास मार्कस शर्मन या अमेरिकन तरुणाने मदुरेकडे कापडी शिडांची एक पवनचक्की बांधली. तिच्या मधोमध तुंबा म्हणून चक्क बैलगाडीचे चाक बसविले होते. तिचे सुधारलेले रूप पुढे बंगळूरच्या वैमानिकी प्रयोगशाळेने तयार केले. इकडे विज्ञान संस्थेत १९७४ साली प्रा. अमूल्य रेड्डी यांच्या प्रेरणेने ग्रामीण भागासाठी विज्ञान राबविणारे ‘अस्त्र’ हे केंद्र निघाले. १९७९ साली एस. पी. गोविंदराजू आणि रोद्दम नरसिंह या दोघा वायुगतिशास्त्रज्ञांनी कापडी शिडांच्या सॅव्होनियस जातीच्या, उभ्या आसाच्या, कमी खर्चाच्या पाणउपशाच्या चक्कीचे वर्णन प्रसिद्ध केले. सॅव्होनियस हा फिनलंडचा अभियंता. त्याची चक्की वारा कोणत्याही दिशेने आला तरी फिरते. ध्वनीहून वेगवान विमानांचे गणित करणाऱ्या माणसांनी कापड आणि बांबूच्या मोलाच्या यंत्रात आपली विद्या ओतली, हे त्या पिढीचे मोठेपण. परंतु याही खेपेस लक्ष खेड्याच्या विहिरीकडे होते, आणि याही खेपेस यंत्रापेक्षा त्याची देखभाल अवघड ठरली.

शहराच्या गच्चीवर पवनचक्की चढविण्याचा हट्ट पश्चिमेकडे धरला गेला, आणि त्याचा आरंभ तर मोठा स्फूर्तिदायक आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तीत, पूर्व अकराव्या रस्त्यावरील क्रमांक ५१९ च्या जुन्या चाळवजा इमारतीतील रहिवाशांनी आपल्या छपरावर २ किलोवॉटची एक जुनी पवनचक्की बसविली. वापरून उरलेली वीज त्यांनी शहराच्या तारांत सोडली, तेव्हा वीज कंपनीने हरकत घेतली. वाद नियामक मंडळापुढे गेला आणि रहिवाशांच्या बाजूने निकाल लागला. १९७८ साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने लहान उत्पादकाकडून वीज घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले, तेव्हा त्या छपरावरील चक्कीचा तो झगडा लोकांच्या स्मरणात होता. आज आपल्याकडे छपरावरील सौरविजेचे जे मोजमाप दुहेरी मीटरने होते, त्या तत्त्वाच्या मुळाशी अशी एक चक्की आहे. तिने वीज थोडी दिली, पण हक्क मोठा दिला.

हक्क मिळाला, आता वारा किती मिळतो, हा प्रश्न राहिला. त्याचे प्रामाणिक उत्तर इंग्लंडात शोधले गेले. २००७-०८ च्या सुमारास वॉरिक परगण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत घरांवर आणि इमारतींवर बसविलेल्या २६ लहान पवनचक्क्यांची वीज वर्षभर मोजली गेली. यंत्रावर लिहिलेल्या क्षमतेच्या मानाने प्रत्यक्ष उत्पादन सरासरीने १ टक्क्याहूनही कमी भरले. बंद ठेवलेला काळ वगळला तरी ते ४ टक्क्यांच्या जरा वर गेले. त्यांतल्या त्यात ज्या चक्क्या उंच इमारतींच्या माथ्यावर होत्या, त्यांनी चांगले काम केले. आणि नेमक्या त्याच, रहिवाशांनी आवाजाची तक्रार केल्यामुळे, बंद ठेवाव्या लागल्या. जेथे वारा आहे तेथे माणसांस झोप नाही, आणि जेथे माणसांस झोप आहे तेथे वारा नाही, असा हा पेच.

हा पेच कशातून निर्माण होतो, ते समजून घेण्यास फार गणित लागत नाही. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते: वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश होते. दोन मीटर व्यासाची चक्की घेऊ. तिच्या पात्यांनी व्यापलेले क्षेत्र ३.१४ चौरस मीटर. बंगळूरच्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्याहून सुमारे एक दशांशाने विरळ, हेही धरू. आणि यंत्र, जनित्र व जोडणी मिळून वाऱ्यातील शक्तीचा चौथा हिस्सा हाती येतो, असे मानू. सेकंदास १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर सुमारे ७५० वॉट मिळतील. विक्रेत्याच्या पत्रकावर जो आकडा ठळक असतो, तो अशाच वाऱ्याचा. सेकंदास ३ मीटर वेगाच्या, घरांच्या दाटीत नेहमी भेटणाऱ्या वाऱ्यात हीच चक्की सुमारे १२ वॉट देईल. वेग चौथाई झाला, शक्ती चौसष्टांश झाली. वाऱ्याच्या चढउताराचा लाभ धरूनही, सरासरी वेग ३ मीटर असलेल्या जागी दिवसाकाठी अर्ध्या युनिटाच्या आसपास वीज हाती पडेल. त्याच गच्चीवर १ किलोवॉटचे सौर फलक मांडले, तर बंगळूरच्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिटे मिळतात. तीही आवाज न करता आणि भिंती न हलविता.

परंतु मंद वेग हे दुखण्याचे अर्धेच निदान झाले. शहरातला वारा मोडलेला असतो. इमारतीवर आदळून वर उसळणारा, कोपऱ्यावरून वळणारा, दोन घरांच्या मधून घुसणारा असा तो क्षणाक्षणाला दिशा बदलतो. शास्त्रात यास संक्षोभ म्हणतात. अडथळ्याच्या उंचीच्या दुपटीपर्यंत वर आणि वाऱ्याच्या दिशेने त्या उंचीच्या दहा-वीस पट अंतरापर्यंत हा संक्षोभ पसरतो, असा अनुभव आहे. म्हणून लहान पवनचक्कीच्या पात्यांचे खालचे टोक दीडशे मीटरांच्या परिघातील प्रत्येक झाडाहून आणि घराहून निदान दहा मीटर उंच असावे, असा जाणत्यांचा दंडक आहे. आता मल्लेश्वरमकडे पाहा. दुमजली बंगले, त्यांच्यावर झुकलेले पर्जन्यवृक्ष आणि सोनचाफे, मध्येच चार-पाच मजली सदनिका, आणि पश्चिम सीमेवर, म्हणजे ज्या बाजूने पावसाळी वारा यावयाचा नेमक्या त्या बाजूस, २०१० च्या सुमारास उभे राहिलेले सुमारे तीस मजल्यांचे बुरूज. सँकी तलावाच्या पाण्यावरून वाहणारी झुळूक सोडली, तर मोकळा वारा या वस्तीच्या माथ्यावरून जातो. घरांच्या गच्चीला तो शिवत नाही. दंडक पाळावयाचा, तर बंगल्यावर बंगल्याहून उंच खांब उभारावा लागेल, आणि तो थरथरणारा खांब पेलण्यासाठी बंगलाच नव्याने बांधावा लागेल.

इमारतीलाच वाऱ्याचा सापळा बनविण्याचेही यत्न झाले. २००८ साली बहारीनमध्ये दोन शिडांच्या आकाराच्या मनोऱ्यांच्या मधोमध प्रत्येकी २२५ किलोवॉटच्या तीन पवनचक्क्या बसविल्या गेल्या; समुद्रावरून येणारा वारा त्या दोन मनोऱ्यांच्या मधून आवळला जातो. २०१० साली लंडनमधील एका उत्तुंग निवासी इमारतीच्या माथ्यात १९ किलोवॉटच्या तीन चक्क्या कोरून बसविल्या. त्या बहुतेक वेळ स्थिरच दिसत, हे लंडनकरांच्या थट्टेचा विषय झाले. मोकळ्या किनाऱ्यावर आणि आरंभापासून वाऱ्यासाठी आखलेल्या वास्तूत काही साधते; जुन्या घरावर मागाहून चढविलेली चक्की शोभेची होते.

आपल्या सरकारनेही लहान पवनचक्क्यांस उत्तेजन दिले. १९९४ पासून लहान पवनयंत्रे आणि वारा-सूर्य यांची जोडयंत्रे यांसाठी केंद्राची योजना होती. दोन दशकांहून अधिक काळात या योजनेखाली देशभर उभी राहिलेली एकूण क्षमता तीन-साडेतीन मेगावॉटच्या आसपास भरली. आज एकच मोठी पवनचक्की तेवढ्या क्षमतेची असते. १९८६ साली रत्नागिरीच्या बाजूस, गुजरातेत ओखा येथे आणि तमिळनाडूत तुतिकोरीनकडे ५५ किलोवॉटच्या चक्क्यांची पहिली पवनक्षेत्रे झाली. तेथून आरंभ करून मोठ्या पवनचक्क्यांची देशातील क्षमता २०२५ साली ५०,००० मेगावॉटच्या पलीकडे गेली. साताऱ्याकडील वाचकांस वनकुसवड्याचे पठार ठाऊक आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, सुमारे ११५० मीटर उंचीवर, एकेकाळी केवळ गवत आणि वारा असलेल्या त्या माळावर आज पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. कर्नाटकात चित्रदुर्गाजवळील जोगीमट्टी आणि गदगजवळील कप्पतगुड्ड येथेही तसेच आहे. तेथील वीज राज्याच्या जाळ्यात येते, आणि त्या जाळ्यातूनच मल्लेश्वरमचे दिवे लागतात. पावसाळ्यात या चक्क्या जोमाने फिरतात, तेव्हा जलाशयांतील पाणी राखून ठेवता येते, आणि उन्हाळ्यात ते सोडता येते. वाऱ्याचे वेळापत्रक आमच्या पूर्वजांच्या विहिरीशी जुळले नव्हते. ते आता शरावतीच्या धरणाशी जुळविता येते. म्हणजे मल्लेश्वरमला वारा मिळतो आहेच. तो गच्चीवरून येण्याऐवजी त्याच जुन्या तारेवरून येतो.

मग लहान पवनचक्कीस जागाच नाही काय? आहे, परंतु ती तार जेथे पोहोचत नाही तेथे. कोकणच्या एखाद्या उघड्या सड्यावरील शेतघर, समुद्रातील दीपगृह, हिमालयाच्या खिंडीतील सीमेची चौकी, दूरची वेधशाळा, अशा ठिकाणी सौर फलकांच्या जोडीने ती खरे काम करते. रात्री आणि ढगाळ दिवसांत तर तिच्यावाचून चालत नाही. शहरातही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी एखादी असावी. मात्र तिच्याकडून मिळावयाचे ते शिक्षण. युनिटे मिळाली तर तो लाभ समजावा.

आमचे वाचक बहुधा शासनाच्या निरनिराळ्या खात्यांत जबाबदारीच्या जागी आहेत. गच्चीवरील पवनचक्कीचा प्रस्ताव पुढे आला, तर तो हसून टाकू नये आणि उत्साहाने मंजूरही करू नये, अशी आमची विनंती आहे. इतिहासाने चार प्रश्न हाती दिले आहेत, ते टिपणीत लिहावेत. नेमक्या त्याच जागी, त्याच उंचीवर, पवनवेगमापक लावून पूर्ण एक वर्ष वारा मोजला आहे काय? विमानतळावरील मोकळ्या मैदानाचे आकडे गच्चीस लागू होत नाहीत. पत्रकावरील क्षमतेऐवजी वर्षाची युनिटे किती, हे लिहून दिले आहे काय? इमारत थरथर सोसेल आणि शेजारी आवाज सोसतील, याची खात्री कोणी केली? आणि पाचव्या वर्षी ती दुरुस्त कोण करणार, त्याच्या वेतनाची तरतूद कोणत्या शीर्षाखाली? या चौथ्या प्रश्नाकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. वैमानिकी प्रयोगशाळेच्या कुशल हातांनी घडविलेल्या चक्क्या ज्या एका गोष्टीवाचून गंजल्या, ती हीच.

यात केवळ थोड्या पैशांचा प्रश्न नाही. कार्यालयाच्या छपरावर थांबून राहिलेली पवनचक्की येणाऱ्या-जाणाऱ्या हजारोंस रोज एक धडा देते, की वाऱ्याची वीज म्हणजे सरकारी देखावा. तो धडा घेतलेला माणूस वनकुसवड्याच्या माळावरही विश्वास ठेवीत नाही; आणि खेड्यातून पवनक्षेत्रासाठी जमीन मागावयास जाणाऱ्या अधिकाऱ्यास त्याच अविश्वासास तोंड द्यावे लागते. लोकांचा भरवसा हा साठा धरणातल्या पाण्यासारखा आहे. तो एका वर्षात रिकामा होतो आणि भरावयास अनेक पावसाळे लागतात.

नीलकंठन, वेंकटेश्वरन, रामकृष्णन यांच्या पिढीने पहिल्याने वारा मोजला आणि मग चक्की केली. साधनांची टंचाई असतानाही त्यांनी हा क्रम बदलला नाही. आज साधने उदंड आहेत. वर्षभर वाऱ्याची नोंद ठेवणारे यंत्र एका माणसाला खांद्यावरून गच्चीवर नेता येते. शहराच्या वाऱ्याविषयी ज्यास खरोखर आस्था आहे, त्याने येत्या ज्येष्ठात प्रथम ते यंत्र लावावे, आणि पुढील ज्येष्ठ येईपर्यंत नोंदी उतरवीत राहावे. चक्कीचा निर्णय त्या वहीवरून आपोआप होईल.